घराची प्रत आणि घराचे बिल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वयोवृद्धांचा गौरव झाल्यानंतर भिंत, छप्पर व विजेचे बिल यांसारखा रुक्ष विषय घेऊन आपणांसमोर उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा संस्कार, शिक्षण, संघटन असा एखादा रूढ विषय घेणे सोयीचे झाले असते. परंतु आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या नव्या इमारतीचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. त्यापूर्वी एक गोष्ट आपल्या कानी घालणे आम्ही कर्तव्य मानतो. आम्ही अभियंते नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि ३८ वर्षे मुलांस गणित व भूगोल शिकविला. आज जे सांगणार आहोत, ते त्या दोन विषयांच्या पलीकडचे फारसे नाही.

‘घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. लग्न जुळविताना आपण किती चौकशा करतो! घर घेतानाही चौकशा कमी नसतात. दिशा कोणती, पाणी किती वेळ, वाहन कोठे लावावयाचे, देवघर कोठे बसेल, बँक कर्ज किती देईल, हे सारे विचारले जाते. मात्र ‘या घरात वैशाखातील रात्री झोप लागेल काय?’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारला नव्हता. त्याचे फळ आम्हांस मिळाले, आणि दुःख याचे की ते आमच्यापेक्षा आमच्या मातोश्रींना अधिक भोगावे लागले.

निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून आम्ही पुण्याच्या एका उपनगरात सदनिका घेतली. मजला सर्वांत वरचा, शयनगृह पश्चिमेस. विकणाऱ्या गृहस्थांनी इमारत ‘हरित’ असल्याचे तोंडभरून सांगितले आणि आवारातील झाडे दाखविली. आम्ही समाधान पावलो. वरच्या मजल्यावर वारा चांगला लागतो, अशीही आमची समजूत होती. पहिल्याच एप्रिलमध्ये तिचा निरास झाला. रात्री दहा वाजता गच्चीवर तापमापक २९ अंश दाखवी आणि तोच खाली शयनगृहात आणून ठेविला की ३५ अंशांवर जाई. दिवसभर तापलेली स्लॅब रात्रभर आपली उष्णता खोलीत सोडीत असे.

मातोश्रींचे वय त्या वेळी ८६. जन्मभर काटकसरीत दिवस काढलेले. आम्ही पंखा लावावा आणि त्यांनी तो उठून बंद करावा. कूलर आणण्याची गोष्ट काढली की ‘मला नको रे बाबा, उगीच बिल वाढेल,’ हे त्यांचे उत्तर ठरलेले. एके दिवशी दुपारी त्या घेरी येऊन पडल्या. पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. डॉक्टर म्हणाले, ‘गुरुजी, औषध मी देईन, पण त्यांची खोली बदला.’ ईश्वरकृपेने त्या बऱ्या झाल्या. त्यांची खाट आम्ही पूर्वेच्या खोलीत हलविली. पुढे महिन्याचे बिल आले. आमच्या इमारतीत आमचे बिल सर्वांत कमी होते आणि सोसायटीच्या सभेत त्याबद्दल आमचे कौतुकही झाले. ते कौतुक ऐकताना आमची मान खाली गेली.

आज आम्हांस सांगावयाचे आहे ते इतकेच. कमी बिल हा चांगल्या घराचा पुरावा नव्हे. काटकसर हा माणसाचा गुण आहे, घराचा नव्हे. किंबहुना आपल्यासारख्या काटकसरी कुटुंबांत माणसांचा गुण घराचा दोष झाकून टाकतो. म्हणून घराची परीक्षा निराळी व्हावयास पाहिजे.

अशी परीक्षा जगात होते, हे आम्हांस आमच्या पुतण्याच्या पत्रावरून कळले. तो नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टर येथे असतो. त्याने भाड्याने घर घेतले तेव्हा घरमालकाने त्यास एक दाखला दाखविला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ सालापासून घर विकताना आणि त्यानंतर लवकरच भाड्याने देतानाही असा दाखला आवश्यक झाला. घरास १०० पैकी गुण देतात आणि त्यांवरून ‘ए’ ते ‘जी’ अशा सात श्रेणी लावतात. तपासनीस येऊन भिंती, छप्पर, खिडक्या, पाणी व खोल्या तापविण्याची साधने पाहतो. राहणारे कुटुंब उधळे आहे की काटकसरी, हे तो पाहत नाही. सर्व घरांत सारख्याच रीतीने माणसे राहतात असे धरून हिशेब करतो. म्हणजे गुण घराचे, माणसांचे नव्हेत. दाखल्यावर कोणती सुधारणा केली असता श्रेणी किती चढेल, हेही लिहिलेले असते. दाखला दहा वर्षे चालतो आणि कोणत्याही रस्त्यावरील घरांचे दाखले सार्वजनिक नोंदवहीत कोणासही पाहता येतात. २०१८ च्या एप्रिलपासून नव्या भाडेकरारांस आणि २०२० पासून चालू करारांसही ‘ई’ ही किमान श्रेणी लावण्यात आली. काही अपवाद सोडले तर त्याखालील घर भाड्याने देता येत नाही. पुतण्याने लिहिले, ‘काका, आमचे घर डी श्रेणीचे आहे, म्हणजे मध्यम.’ घर घेण्यापूर्वीच त्यास हे ठाऊक होते, याचेच आम्हांस विशेष वाटले.

तेथील संकट थंडीचे, आपले उन्हाचे. परंतु भिंतीतून ऊब बाहेर जाणे आणि भिंतीतून ऊन आत येणे या एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत.

आता आपल्या देशाकडे वळू. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमान्वये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ पासून त्याने उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी आणली. शीतकपाट घेताना आता आपल्या घरची लहान मुलेही तारे मोजतात. छताच्या पंख्यांनाही २०२३ पासून ही चिठ्ठी सक्तीची झाली. मात्र ज्या घरात हे पंखे फिरावयाचे, त्या घराचे तारे किती, हे आपण मोजीत नाही.

वास्तविक तीही व्यवस्था झालेली आहे. २०१८ साली १४ डिसेंबर रोजी, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध झाली. २०१९ मध्ये राहत्या घरांसाठी एक ते पाच ताऱ्यांची योजना निघाली. दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिटे वीज लागेल, याच्या अंदाजावर तिचे तारे ठरतात. मात्र ही योजना ऐच्छिक आहे. २०२२ च्या दुरुस्ती अधिनियमाने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या, परंतु १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या. आम्ही परिसरातील परिचित ज्ञातिबांधवांकडे चौकशी केली. घराचा असा दाखला एकाही घरी निघाला नाही. बहुतेकांस तो असतो हेच ठाऊक नव्हते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. ‘हरित इमारत’ आणि ‘कमी उष्णतेचे घर’ हे एकच नव्हे. टेरी ही संस्था व केंद्र शासनाचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी सिद्ध केलेली ‘गृह’ नावाची मूल्यांकनपद्धती पाणी, कचरा, बांधकामाचे साहित्य आणि ऊर्जा या सर्वांचा एकत्र विचार करते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने असे मूल्यांकन मिळविणाऱ्या इमारतींस मालमत्ताकरात सवलत देण्याचे धोरण स्वीकारले. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित इमारतींस दर्जानुसार ३, ५ व ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाची तरतूद झाली. हे उत्तेजन योग्यच आहे. परंतु कोणी ‘आमची इमारत हरित आहे’ असे म्हटले, तर तीन प्रश्न विचारावेत. दाखला कोणत्या संस्थेचा? तारे किती? आणि दाखला नकाशावर मिळालेला आहे की पूर्ण झालेल्या इमारतीवर? आम्ही हे विचारले नाही. आम्हांस झाडे दाखविली आणि आम्ही झाडे पाहिली. पुढे दाखला मागितला तेव्हा तो नव्हताच, आणि आमच्याजवळही लेखी असे काही नव्हते.

आता संहिता काय मागते, ते सोप्या शब्दांत सांगतो. छपरासाठी एक संख्या आहे. आत व बाहेर एक अंशाचा फरक असता एका चौरस मीटर छपरातून किती वॅट उष्णता आत शिरते, हे ती सांगते. संहितेची मर्यादा १.२ आहे. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबची तीच संख्या सुमारे तिप्पट भरते. आमच्या शयनगृहाचे सारे रहस्य या तिपटीत आहे. दुसरी संख्या भिंती व खिडक्यांची. त्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा अधिक नसावी. हल्ली मोठ्या इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांत अख्ख्या भिंतीच काँक्रीटने ओततात. काम झपाट्याने होते, पण अशी पातळ भिंत ऊन लवकर आत घेते. हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत हवेचे कण कोंडलेले असतात, म्हणून ती ऊन अडविते.

तिसरी गोष्ट खिडक्यांची. मुंबई, रत्नागिरी आणि पुणे यांची गणना उष्ण-दमट प्रदेशात केलेली आहे. तेथे घराच्या चटईक्षेत्राच्या एकषष्ठांश इतके क्षेत्र बाहेर उघडणारे असावे, असे संहिता सांगते. सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या प्रदेशात एकदशांश पुरते. यातील ‘उघडणारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीस या हिशेबाने २० चौरस फूट उघडी जागा हवी. आपल्या घरांतील सरकती खिडकी चार फूट बाय चार फूट, म्हणजे १६ चौरस फूट दिसते, परंतु ती एका वेळी निम्मीच उघडते. हाती येतात ८ चौरस फूट. जुनी बिजागरीची खिडकी पुरती उघडत असे. सरकत्या खिडकीने आपली जागा वाचविली आणि निम्मा वारा नेला.

आता थोडा भूगोल. पुणे सुमारे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास, १४ तारखेच्या सुमारास, दुपारी सूर्य नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आम्ही हा प्रयोग शाळेच्या पटांगणात दरवर्षी मुलांकडून करवीत असू. त्याचा घराशी संबंध असा की उन्हाळ्यात सर्वांत अधिक मारा छपरावर होतो. दक्षिण व उत्तर भिंतींवरील ऊन साधा छज्जा अडवू शकतो. पूर्व व पश्चिम भिंतींवरील ऊन तिरपे, खालून येते. छज्ज्यास ते जुमानत नाही. त्यातही पश्चिमेचे ऊन अधिक जाचक, कारण तोपर्यंत हवाही तापलेली असते. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेस आणि आखूड बाजू पूर्व-पश्चिमेस असाव्यात, हा साधा नियम ठरतो.

आपल्या पूर्वजांस हे अनुभवाने माहीत होते. कोकणातील आपल्या घरांना चिऱ्याच्या भिंती, उतरती कौले आणि भोवती पडवी. सोलापूरकडील बांधवांच्या घरांना मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. देशावरील वाड्यांत मध्ये चौक. तथापि जुन्याचे आंधळे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या घरांत काळोख होता, चूल डोळे जाळीत असे आणि माळवद पावसाळ्यात गळत असे. ती घरे पुन्हा बांधावीत असे आम्ही म्हणत नाही. त्या घरांनी प्रदेश पाहून छप्पर निवडले. आपण मात्र रत्नागिरी, सोलापूर आणि पुणे या तिन्ही ठिकाणी एकच पेटी उभी करतो.

आता गणित. प्रत्येक सभासदाने घरी गेल्यावर मागील बारा महिन्यांच्या बिलांतील युनिटांची बेरीज करावी आणि तीस घराच्या चटईक्षेत्राने भागावे. क्षेत्र चौरस फुटांत असल्यास आधी १०.७६ ने भागून चौरस मीटर करावेत. समजा, घर ६४६ चौरस फूट, म्हणजे ६० चौरस मीटर आहे आणि वर्षाची युनिटे १,८०० आहेत. भागाकार ३० आला. शेजारच्या तेवढ्याच घरात १,०८० युनिटे लागत असतील, तर तेथे १८ येतील. आता कोणते घर चांगले? विद्यार्थी चटकन म्हणेल, १८ चे. परंतु ते घर आमच्या मातोश्रींचे असू शकेल! म्हणून या संख्येशेजारी दुसरी संख्या लिहावी: एप्रिल-मे महिन्यांत रात्री दहा वाजता खोलीचे तापमान. दोन्ही संख्या लहान असतील तर घर उत्तम. पहिली लहान आणि दुसरी मोठी असेल तर माणसे सोसत आहेत. पहिली मोठी आणि दुसरी लहान असेल तर घराचा दोष पैशाने झाकला जात आहे.

आपले वसतिगृह या तिहींपैकी कोणत्या प्रकारात बसते? वसतिगृहाचे वीजबिल कमी असल्याचा उल्लेख दरवर्षीच्या अहवालात अभिमानाने केला जातो. आम्ही स्वतः अनेक वर्षे त्यास टाळ्या वाजविल्या आहेत. परंतु परीक्षेच्या दिवसांत वरच्या मजल्यावरची मुले अंथरुणे घेऊन गच्चीवर जातात, हे आपणां सर्वांस माहीत आहे. खेड्यापाड्यांतून, कोणाची आई शेतावर राबून, कोणाचे वडील दुकानात हिशेब लिहून, ही मुले आपल्या भरवशावर येथे पाठवितात. आपण त्यांस छप्पर दिले. ते छप्परच त्यांस रात्री बाहेर घालवीत असेल, तर नव्या इमारतीत तरी ही चूक होऊ नये.

सबब, नकाशावर सही होण्यापूर्वी पुढील अटी करारात लिहून घ्याव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे. १) निवासाच्या खोल्या उत्तर-दक्षिणेस असाव्यात. भूखंडामुळे ते साधत नसेल, तर जिना, न्हाणीघरे आणि कोठी पश्चिमेस टाकावी. २) छपरावर उष्णतारोधक थर व त्यावर पांढऱ्या फरश्या असाव्यात, आणि १.२ ही मर्यादा लेखी असावी. ३) खिडक्या बिजागरीच्या असाव्यात, प्रत्येकीवर पुरेसा छज्जा असावा आणि समोरच्या भिंतीत वारा बाहेर पडण्यास झरोका असावा. ४) भिंती व खिडक्यांचा १५ वॅटचा हिशेब वास्तुविशारदाने नकाशाबरोबर सादर करावा, आणि इमारत त्याप्रमाणे झाल्याचा लेखी दाखला मिळेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवावा. संहिता कुटुंबांच्या निवासांसाठी आहे. वसतिगृहास ती कायद्याने बांधील नसेल. परंतु आपण आपणांस बांधून घेण्यास कोणाची मनाई आहे?

खजिनदारसाहेबांची शंका आम्हांस ऐकू येत आहे. खर्चाचे काय? दिशा बदलण्यास नकाशावर खोडरबर पुरते. उभी इमारत फिरविता येत नाही. छपराच्या थरास खर्च येईल, तो आम्ही नाकारीत नाही. त्यातील काही भाग भरून काढण्याची वाटही आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो आणि नव्या प्रकारचा चांगला पंखा सुमारे ३० वॅटचा. रोज १२ तास, वर्षात ३०० दिवस पंखा फिरला, तर एका पंख्यामागे १६२ युनिटे वाचतात. ४० पंख्यांची ६,४८० युनिटे झाली. मुलांचा वारा न तोडता होणारी ही खरी काटकसर आहे.

ज्या बांधवांच्या जुन्या सोसायट्यांची पुनर्बांधणी व्हावयाची आहे, त्यांनीही बोलणी करताना वाढीव क्षेत्र आणि मिळावयाची रक्कम यांबरोबर छप्पर व भिंतींची संख्या मागावी. जे आहे त्या घरातच राहणार आहेत, त्यांनी उन्हाळ्यापूर्वी गच्चीस पांढरा चुना अथवा उष्णता परतविणारा रंग द्यावा आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ताट्या किंवा वाळ्याचे पडदे सोडावेत. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवितो, हे ध्यानात ठेवावे. आम्ही गच्चीस पांढरा रंग दिल्यावर दुसऱ्या वर्षी रात्रीचे तापमान ३५ वरून ३२ अंशांवर आले. घर उत्तम झाले नाही, पण राहण्याजोगे झाले.

माताभगिनींस शेवटी दोन शब्द. घरात सर्वांत आधी पंखा बंद करणारी आणि सर्वांत तापलेल्या खोलीत स्वयंपाक करणारी व्यक्ती बहुधा आपणच असता. हे सोसणे गुण म्हणून मिरविण्याचे दिवस आता मागे पडावेत. घरात कोणास किती सोसावे लागते, हीच आम्ही त्या घराची खरी प्रत समजतो.

आपण हे नीरस भाषण शांतपणे ऐकून घेतलेत. येत्या सर्वसाधारण सभेत वरील चार अटी ठरावास जोडल्या गेल्या, तर आमचा येथे येण्याचा श्रम सार्थकी लागला असे आम्ही समजू.